ऑक्सिजन मशीन भाड्याने : नाशिकच्या मुंबई नाक्याजवळचं दुकान

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन कायमची धाप लागणारा फुफ्फुसांचा आजार. बिडी-सिगारेट कधी नाही, दिंडोरीकडच्या घरात जन्मभर चुलीपुढे बसली त्याचा हा धूर. डॉक्टरांनी एबीजी (धमनीतल्या रक्तातले वायू मोजणारी तपासणी) करून लिहून दिलं : मिनिटाला २ लिटर, दिवसात किमान १५ तास, रक्तातला ऑक्सिजन ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. म्हणून या दुकानातून ५ लिटरचं मशीन आणलं. भाडं महिन्याला साडेचार हजार, डिपॉझिट दहा.

मशीन बसवायला आलेल्या मुलाने आधी चिठ्ठी मागितली, मगच प्लग लावला. नळीच्या तोंडाला मीटर धरून ९४ टक्के ऑक्सिजन येतोय हे दाखवलं. आपल्या हवेत २१ च असतो. आतले झिओलाइटचे बारीक दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, ऑक्सिजन पुढे जातो. (सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघतो तेच झिओलाइट, फक्त हे कारखान्यात बनवलेलं.) फिल्टर धुळीने भरला तर हवा नीट ओढली जात नाही, तेव्हा दर आठवड्याला धुवा, हेही बजावलं.

भाऊ म्हणाला, "पाचवरच ठेव ना, भाडं तर तेवढंच." पोरगा म्हणाला, "नको दादा. आजींसारख्या पेशंटला जास्त दिला तर कार्बन डायऑक्साइड आत साठतो, गुंगी येते. डॉक्टर सांगतील तेवढाच." मला इथे दुकान पटलं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं की आपण खूश, पण तो कार्बन डायऑक्साइड दाखवतच नाही. तो कळतो एबीजीतून. मेंदी किंवा नेलपेंट असेल, बोटं गार असतील तर ऑक्सिजनचाही आकडा चुकू शकतो.

आता तक्रार. मशीनचा आवाज रात्रभर घुमतो. आईला सवय झाली, मला नाही. आणि पहिल्याच वादळी पावसात लाइट गेली तेव्हा दुकानाचा फोन कोणी उचलला नाही. आमचा इन्व्हर्टर मशीन ओढत नाही. नंतर छोटं बी-टाइप सिलिंडर घेतलं, त्याचं भाडं वेगळं. त्यात साधारण दीड हजार लिटर मावतो, म्हणजे २ लिटरने बारा तास. हे सिलिंडर मशीनसोबतच मागून घ्या, आपणहून कोणी सांगत नाही.

ऑक्सिजनजवळ ज्योत नको, म्हणून देवघरातली समई मात्र आम्ही दुसऱ्या खोलीत नेली. आई अजून रुसलेली आहे. पाचपैकी चार तारे. एक फोनचा कापला.