कापडी डायपर आणि लेकीचे पहिले वर्ष : वापरानंतरचा अनुभव

आमची मुलगी श्रावणात जन्मली आणि आता भिंतीला धरून उभी राहू लागली आहे. या काळात घरी असताना ती जवळजवळ पूर्णपणे कापडी डायपरमध्ये राहिली, आणि माझे मत अनुकूल आहे.

पहिल्या काही आठवड्यांत मात्र विकतचे कापडी डायपर उपयोगी पडत नाहीत. ‘सर्व वयांसाठी’ म्हणून मिळणारे बहुतेक डायपर बाळ साधारण 5 किलोचे होईपर्यंत मांड्यांशी सैल बसतात आणि गळतात. तोवर सासूबाईंनी जुन्या सुती साड्यांचे शिवलेले त्रिकोणी लंगोट आणि दुपटी यांच्याइतके सुखाचे दुसरे काही नाही.

पुढे मी तऱ्हेतऱ्हेचे प्रकार वापरले. खिशात सोकर (ओल शोषणारे जाड कापड) सरकवायचे महागडे डायपर दिसायला देखणे असले, तरी बाळाने एकदा शू केली की संपूर्ण डायपर धुवावा लागतो. त्यापेक्षा पाणी न झिरपणारे साधे कव्हर आणि आत घडी घातलेले सुती कापड ही जोडी मला सर्वांत सोयीची वाटली, कारण नुसती शू असेल तर कापड बदलून तेच कव्हर पुसून पुन्हा वापरता येते. सोकर मायक्रोफायबरचा असेल तर तो पटकन शोषतो, पण दाब पडला की ओल सोडतो. शिवाय त्वचेला थेट लागल्यास ती कोरडी करतो. सुती सोकर हळू शोषतो, पण धरून ठेवतो. मात्र नव्या सुती कापडातला नैसर्गिक तेलकटपणा जाण्यासाठी ते आधी अनेकदा धुवावे लागते. रात्री दोन सोकर लागतात.

खरी कसोटी धुण्याची आहे. शी संडासात टाकून डायपर लगेच थंड पाण्यात खळबळावा, धुण्याची वेळ होईपर्यंत भिजत न ठेवता जाळीच्या टोपलीत टाकावा आणि नंतर साध्या साबणाच्या पावडरीने मशीनमध्ये धुवावा. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये. त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि शोषण मंदावते. झिंक ऑक्साइडच्या मलमाचे आणि मालिशच्या तेलाचेही तसेच, म्हणून आमच्याकडे अंघोळीनंतरच डायपर बांधला जाई. कव्हराला इस्त्री लावू नये, आणि ते इलॅस्टिकला चिमटा लावून टांगू नये. पुण्याच्या पावसाळ्यात जाड सोकर लवकर वाळत नाहीत. घडी उलगडून टाकता येणारे कापड तिथेही सरस ठरते.

पर्यावरणाचा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक ताई घरोघरचा कचरा हाताने वेगळा करतात. वापरलेले डायपर, सॅनिटरी पॅड असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही मोहीम त्यांच्यासाठीच सुरू झाली. तो त्यांच्या हाती शक्य तितका कमी जावा, ही माझी इच्छा होती. परंतु कापड आपोआप हरित ठरत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार त्याचा भार धुण्याच्या पद्धतीवर अवलंबून असतो. मशीन पूर्ण भरून लावणे, कपडे दोरीवर वाळवणे आणि तेच डायपर दुसऱ्या बाळासाठी वापरणे यांमुळे तो बराच कमी होतो.

कापडी डायपर वारंवार बदलावे लागतात, पण त्या बदलण्यात मला मिळालेला आनंद मोठा आहे. ओले झालेले तिला कळते आणि ती लगेच सांगते, त्यामुळे तिच्या वेळा मला समजू लागल्या. सकाळच्या कोवळ्या उन्हात उघडी ठेवलेली असतानाच ती प्रथम पालथी पडली. संक्रांतीला हलव्याचे दागिने आणि काळे झबले घालून बोरन्हाणाला बसली, तेव्हा आत पिवळे कव्हर होते. सातव्या महिन्यात उष्टावण झाल्यावर शीचे स्वरूप बदलले, आणि तेव्हापासून सोकरावर पातळ सुती पट्टी ठेवणे मी अनिवार्य मानते.

लांबच्या प्रवासात आम्ही वापरून टाकायचे डायपर घेतो, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. कव्हर विकत घेताना टिच बटणांचेच घ्यावे. चिकटपट्टीत (वेल्क्रोत) धुताना धागे अडकतात, आणि रांगते बाळ ती स्वतःच ओढून सोडवते.