रायझोबियम की मायकोरायझा?
विदर्भातल्या काटोलकडे एकाच शेतात सोयाबीनही दिसतं आणि संत्र्याची बागही. कृषी केंद्रात दोन्ही कल्चर मिळतात: रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करणारे जिवाणू, मायकोरायझा म्हणजे मुळांशी जोडून राहणारी बुरशी. कोणतं घ्यावं?

सोयाबीनची मुळं डेडझीन, जेनिस्टीन ही फ्लेव्होनॉइड्स, म्हणजे निरोपाची रसायनं, मातीत सोडतात. ब्रॅडीरायझोबियम, म्हणजे सोयाबीनचे रायझोबियम जिवाणू, ती ओळखून ‘नॉड फॅक्टर’ हा उलट रासायनिक निरोप पाठवतात. मूलरोम वळतो, गाठ धरते. गाठ कापून बघा, आत गुलाबी असेल तर नत्र स्थिरीकरण, म्हणजे हवेतलं नत्र पिकासाठी बांधणं, सुरू आहे. हा निरोप फार नेमका असतो. हरभऱ्याचं कल्चर सोयाबीनला चालत नाही.

संत्र्याचे मूलरोम तोकडे आणि विरळ, त्यामुळे त्याची भिस्त बुरशीवर. मुळांनी स्ट्रायगोलॅक्टोन हे निरोपाचं रसायन सोडलं की बुरशीच्या धाग्यांना फाटे फुटतात आणि लांबचं स्फुरद झाडापर्यंत येतं. या कुळातला पहिला रेणू १९६६ साली सापडला तो कपाशीच्या मुळांच्या स्रावात! आपल्या पऱ्हाटीच्या मुलखात हे सांगताना मला विशेष आनंद होतो. ज्वारीच्या मुळांवर जगणारं परजीवी तण, टारफुलाही हाच निरोप चोरून ऐकतो आणि उगवतो.

माझं मत सरळ आहे: सोयाबीनच्या बियाण्याला पेरणीआधी रायझोबियम, संत्र्याच्या कलमाला लावतानाच मुळाशी मायकोरायझा. आणि डीएपी या नत्र-स्फुरदाच्या खताचा मारा आवरा. नत्र-स्फुरद आयतं मिळालं की मुळं दोघांशीही बोलणं कमी करतात.