राउटर पॅनेलच्या बटणांसोबत आठ महिने

आमच्या चॅनलच्या एमसीआरमध्ये, म्हणजे मास्टर कंट्रोल रूममध्ये, नवं राउटर पॅनेल बसून आठ महिने झाले. कोणतं चित्र कुठे पाठवायचं, याची आज्ञा व्हिडिओ राउटरला त्यावरून देतात. एक रॅक युनिट उंचीचं, ४० बटणांचं. वरच्या ओळीत डेस्टिनेशन (चित्र जिथे जातं), खालच्या ओळीत सोर्स (जिथून येतं), उजव्या टोकाला टेक (बदल पक्का करायचं बटण), लॉक आणि प्रोटेक्ट. ब्रँडचं नाव देत नाही, कारण मला बटणांच्या वागण्याबद्दल लिहायचंय आणि ते बऱ्याच पॅनेलवर असंच असतं.

सुरुवातीला आम्हाला एवढंच सांगितलं होतं: आधी डेस्टिनेशन दाबा, मग सोर्स. बरोबर आहे, पण अपुरं आहे. नुसतं डेस्टिनेशन दाबल्याने काहीच बदलत नाही. तिथे आत्ता कोणता सोर्स जातोय, त्याचं बटण फक्त उजळतं. म्हणजे ते विचारण्याचं बटण आहे. हे कळल्यापासून शिफ्टवर आलो की मी सगळी डेस्टिनेशन एकेक करून दाबून बघतो.

हे कळलं मात्र चुकीतून. दुसरा आठवडा होता. तेव्हा पॅनेल टेकशिवाय चालायचं, सोर्स दाबला की थेट बदल. आधीच्या शिफ्टमध्ये ट्रान्समिशनचं, म्हणजे ऑन एअर जाणारं, डेस्टिनेशन निवडलेलं राहिलं होतं. मला ओबीची (बाहेरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या व्हॅनची) फीड माझ्या मॉनिटरवर बघायची होती, म्हणून वरची ओळ न बघता ओबीचं बटण दाबलं. ओबीवरून अजून कलर बार, म्हणजे चाचणीचे रंगीत पट्टे, येत होते. चालू बातमीपत्रात ते पट्टे ऑन एअर गेले. परत आणायला चार-पाच सेकंद लागले, कारण दिवा ओबीवर सरकला होता आणि आधी कोणता सोर्स होता ते त्या क्षणी आठवेना. ते सेकंद अजून आठवतात.

त्याच रात्री टेक चालू करून घेतलं. आता सोर्स दाबला की बटण लुकलुकतं, टेक दिल्यावर स्थिर होतं. निवड आपोआप सुटावी म्हणून टाइमआउटही लावला. ट्रान्समिशनला लॉक नाही, प्रोटेक्ट लावलं. लॉक काढेपर्यंत लावणाऱ्यालाही सोर्स बदलता येत नाही. प्रोटेक्टमध्ये आमच्या पॅनेलवरून बदलता येतो, पीसीआरच्या (प्रॉडक्शन कंट्रोल रूमच्या) पॅनेलवरून नाही. दिवसभर जाहिरातींचे ब्रेक घ्यायचे असतील तर हाच मार्ग सोयीचा.

स्थिर दिवा म्हणजे राउटरचं उत्तर, हे माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. बोट लावलं म्हणून तो लागत नाही. क्रॉसपॉइंट (सोर्स आणि डेस्टिनेशनची जोडणी) बदलल्याचं राउटरने कळवलं की लागतो. एका रात्री पॅनेलची नेटवर्क केबल सैल झाली आणि कितीही दाबलं तरी दिवा स्थिर होईना. नवीन मुलगा घाबरला, म्हणाला, "सर, चॅनल गेलं!" त्याला मल्टिव्ह्यूअर, म्हणजे सगळी चित्रं एकत्र दाखवणारा पडदा, दाखवला. चित्र व्यवस्थित चालू होतं. जोडणी राउटरच्या फ्रेममध्ये असते, पॅनेल फक्त आज्ञा देतं. उलट, कधी आपण हात न लावता दिवा सरकतो. तेव्हा दुसऱ्या पॅनेलवरून कुणीतरी सोर्स बदललेला असतो.

टेक दिल्यावर चित्र उडालं तर बटणाला दोष देऊ नका. १०८०आय (इंटरलेस्ड एचडी) मध्ये राउटरने व्हर्टिकल इंटरव्हलमध्ये, म्हणजे दोन चित्रांमधल्या रिकाम्या वेळेत, ७ व्या किंवा ५६९ व्या ओळीवर बदल करायचा असतो. पण सोर्स जेनलॉक (स्टेशनच्या संदर्भ सिग्नलशी वेळ जुळवलेला) नसेल तर त्याची ती ओळ भलत्याच वेळी येते आणि मॉनिटर झटका खातो. आमच्याकडे बाहेरची फीड फ्रेम सिंकमधून (फीडची वेळ जुळवणाऱ्या यंत्रातून) घेतल्यावर हे थांबलं.

एक काम बाकी आहे. टेक आणि लॉक अगदी शेजारी आहेत, घाईत दोनदा चुकीचं दाबलं गेलं. पुढच्या मेंटेनन्सला लॉक डाव्या टोकाला हलवून घेणार आहे.