सातपूरचं बिनपाटीचं गॅरेज: गाडी नीट झालीच, मीपण झाले

आधीच सांगते, गॅरेजचं नाव टाकता येणार नाहीये कारण त्याला नावच नाहीये. नाशिकमध्ये सातपूरला आयटीआय सिग्नलच्या आतल्या गल्ल्यांमध्ये एक निळं शटर, बाजूला टांगलेला जुना टायर, आणि बाहेर कायम एखादी बुलेट आतडी काढून ठेवल्यासारखी उघडी पडलेली. मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात, मीपण तेच म्हणते. पाचपैकी साडेचार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईल.

आता माझी गोष्ट. वय ३९, लायसन्स कॉलेजात असताना पप्पांच्या स्प्लेंडरवर काढलेलं, त्यानंतर आख्खं आयुष्य ॲक्टिव्हावर. यंदा हौसेने रॉयल एनफिल्डची हंटर ३५० घेतली. सीटची उंची ७९० मिलिमीटर, माझे पाय व्यवस्थित टेकतात, त्यामुळे शोरूममध्ये एकदम भारी वाटलं. पण वजन १८१ किलो आहे हे मी नुसतं वाचलं होतं, कळलं नव्हतं. ॲक्टिव्हा जेमतेम १०५-११० ची असते हो, ती कलली तरी आपण पायाने परत ढकलतो, आणि तीच सवय अंगात बसलेली.

दीड महिन्यात पडले. गंगापूर रोडला, जेहान सर्कलच्या थोडं पुढे यू टर्न घेत होते, स्पीड असेल आठ-दहाचा, रस्ता खोदून बुजवलेला आणि वर बारीक खडी पसरलेली. समोरून एक रिक्षा आली, मी दचकले आणि हँडल पूर्ण उजवीकडे वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला. संपलं. गाडी अशी झोपली की काय होतंय ते कळायच्या आधी मी रस्त्यावर बसलेली. लेगगार्डमुळे पाय वाचला, तळहाताची सालटी निघाली कारण ग्लोव्हज डिकीत, आणि हंटरला डिकी नसते म्हणजे ते घरी ॲक्टिव्हाच्या डिकीत! डोकं आपटलं नाही. लगेच चार-पाच जण धावत आले, गाडी उचलली, चांगलीच माणसं होती, पण त्यातला एक जण म्हणाला, ‘ताई कशाला एवढी जड गाडी घेता,’ आणि ते वाक्य माझ्या मागेच लागलं.

गाडी तशीच हळूहळू पाथर्डी फाट्याला घरी आणली. हँडल सरळ धरलं की गाडी डावीकडे जायची. नंतर एका ठिकाणी दाखवली (नाव घेत नाही), त्यांनी फोटो काढले आणि एस्टिमेट दिलं ९,४०० चं. हँडल बदला, लिव्हर बदला, लेगगार्ड बदला, सायलेन्सरचं कव्हर बदला, आणि वर ‘मॅडम क्लेममध्ये टाकू ना, तुम्हाला काय’. मला काय म्हणजे? वर्षभर क्लेम नाही केला तर विम्याच्या रिन्युअलला ओन डॅमेजच्या (म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमवर २० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सूट मिळते, दरवर्षी वाढत पाच वर्षांनी ती ५० टक्क्यांवर जाते, आणि एक क्लेम केला की परत शून्य. हे तिथे कोणी सांगितलं नाही, ऑफिसातल्या सरांनी सांगितलं. त्यांनीच मामांचा पत्ता दिला.

मामांनी गाडी बघितली, पुढून बघितली, मागे जाऊन उकिडवे बसून बघितली. म्हणाले हँडल वाकलेलं नाहीये, शॉकप (पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंचे दांडे) पिळलेत. मग शॉकप जिथे धरलेले असतात तिथले बोल्ट ढिले केले, पुढचं चाक दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरलं आणि हँडलला एक हिसका दिला. एकच. परत मागे जाऊन एक डोळा मिटून बघितलं आणि बोल्ट कसले. मी तोंड उघडं ठेवून बघत होते. ब्रेकची लिव्हर मात्र टोकाला मोडली होती ती नवीन टाकली, आणि लिव्हरचा क्लॅम्प मुद्दाम जरासा ढिला ठेवला, हाताने जोर लावला तर फिरेल इतपतच. म्हणजे परत पडली तर लिव्हर मोडायच्या ऐवजी फिरते. सायलेन्सरवरचे ओरखडे राहू द्या म्हणाले, त्याने गाडी पळायची थांबत नाही. ऑइल चेक, फुटरेस्ट चेक, पेट्रोल कुठे पाझरतंय का ते चेक. ६८० रुपये, लिव्हर आणि मजुरी धरून.

गाडी झाली ओ, पण मी? चार आठवडे कव्हर घालून पार्किंगमध्ये. रोज ॲक्टिव्हाने ऑफिस. एका रविवारी धीर करून काढली तर सोसायटीच्या गेटातून वळतानाच हात कडक झाले, परत लावून टाकली. शेवटी मामांना फोन केला (तिसऱ्या वेळेला उचलला) की गाडी विकायचीये, कोणी गिऱ्हाईक आहे का. ते म्हणाले गिऱ्हाईक आहे पण आधी रविवारी सकाळी सातला सोमेश्वरच्या पुढे या, तासाचे ३०० घेतो. मला हे आवडलं खरं सांगू का, फुकट शिकवतो म्हणाले असते तर मी गेले नसते.

तिथे एक मोकळा लेआउट आहे, प्लॉट पाडलेले पण घरं नाहीत, थोडं डांबर, थोडी माती. उशीर केला तर धरणाकडे आणि वायनरीकडे जाणाऱ्या मुंबईच्या गाड्यांची रांग लागते म्हणून सातच. मामांनी विचारलं कशाची भीती वाटते. मी म्हटलं पडायची. ‘ते तर पडून झालं की.’ मग मी नीट आठवून सांगितलं की डोळ्यासमोर येतात ते उचलायला आलेले लोक, आणि मी बाजूला हात झटकत उभी. ते काहीच बोलले नाहीत, स्कूटरवरून दोन गोणपाटं आणि एक जुना टायर काढला, जमिनीवर अंथरलं, आणि माझी हंटर, माझी नवी हंटर, अलगद त्यावर उजव्या अंगावर झोपवली! म्हणाले, उचला.

मी वाकून हँडल धरून ओढायला लागले, पाठीत कळ आली, गाडी हलली पण नाही. ‘ताई, पाण्याची घागर उचलताय का? गाडीकडे पाठ करा.’ तर पद्धत अशी. आधी किल्ली बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड वरच्या बाजूला येतो, तो आधीच बाहेर काढून ठेवायचा म्हणजे गाडी उभी होऊन पलीकडे कलली तरी स्टँडवर बसते, दुसऱ्या बाजूला आडवी होत नाही. पहिला गिअर टाकायचा म्हणजे चाक घरंगळत नाही. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवायचं की खालची मूठ टाकीजवळ येते, ती एका हाताने, दुसऱ्या हाताने मागचं ग्रॅब रेल. बूड सीटला टेकवून खाली बसायचं, पाठ ताठ, आणि पायाने रेटत छोटी छोटी पावलं मागे टाकायची. हाताने उचलायचंच नाही.

पहिल्यांदा निम्म्यात सोडली. दुसऱ्यांदा उभी राहिली. मी, १८१ किलो. माझे पाय थरथरत होते आणि मी वेड्यासारखी हसत होते, शेजारच्या मळ्यातला माणूस काम सोडून बघत होता. मामांनी ती परत झोपवली. चार वेळा उचलली त्या दिवशी आणि गाडी चालवली असेल फक्त शेवटची दहा मिनिटं.

पुढच्या तीन रविवारी चालवणं. त्यात मुख्य गोष्ट ही की हळू चालवताना पुढच्या ब्रेकला बोटंच लावायची नाहीत, सगळं मागच्या ब्रेकवर आणि अर्ध्या क्लचवर. मी म्हटलं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) आहे ना. ते म्हणाले हँडल वळलेलं, स्पीड चालण्याइतका, तिथे एबीएस काय करणार, वजन सगळं पुढे येतं आणि गाडी आत कोसळते. जोरात असताना चाकं स्वतःच गाडी उभी ठेवतात, हळू असताना ते काम आपल्याला करायचं असतं. आणि नजर. विटा ठेवल्या होत्या, आरटीओच्या टेस्टला असतो तसा आठचा आकडा, आणि मी ज्या विटेकडे बघायचे बरोबर तिच्यावरच जायचे. ‘विटेशी लग्न करायचंय का? पुढच्या वळणाकडे बघा.’ मान वळवली की गाडी खरंच वळते, हे मला एवढ्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

आता अर्धा मार्क. फोन उचलत नाहीत. अकरा म्हणाले की सव्वाबारा धरा. बिल मिळत नाही, कागदाच्या चिठ्ठीवर आकडा. बोलणं फटकळ आहे, माझ्या मैत्रिणीला ते आवडलं नाही, ती दुसऱ्या रविवारी आलीच नाही. स्कूटरला हात लावत नाहीत (स्वतः स्कूटरवर फिरतात हा भाग वेगळा). आणि बसायला एकच खुर्ची, तिच्यावर कायम कोणाची तरी बॅटरी ठेवलेली असते. बायकांनी एकटं जायला काही नाही, समोर चहाची टपरी आहे, दिवसभर वर्दळ असते.

ज्यांची जोरात पडलीये, चेसिस वगैरे मामला आहे, किंवा हेल्मेट आपटलंय, त्यांनी इकडे येऊ नका, आधी डॉक्टर आणि मोठं सर्व्हिस सेंटर, आणि आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसू द्या, बदला. माझ्यासारखी हळू पडलेली आणि घरात बसलेली माणसं असतील त्यांनी मात्र जरूर जा, आणि ग्लोव्हज घालून जा.

गिऱ्हाईकाचं मी परत विचारलं नाही, मामांनीपण काढलं नाही. परवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये उतारावर पाय घसरला आणि गाडी परत टेकली, उजव्याच अंगावर. लिव्हर फिरली, मोडली नाही. वॉचमनकाका शिट्टी टाकून पळत आले, हँडलला हात घालणार तेवढ्यात मी म्हटलं, थांबा काका, आधी स्टँड काढू द्या.