वृद्धाश्रमाला सॉफ्टवेअर घ्यायचं की रजिस्टरच बरं?

परवा काकांचा फोन आला. ते खाडीकाठच्या एका वृद्धाश्रमाच्या ट्रस्टवर आहेत, ३१ आजीआजोबा, ९ मावश्या, २ सिस्टर आणि एक क्लार्क जो दुपारनंतर स्वतःच्या बागेत असतो. तिथे कोणीतरी रोजच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरचा डेमो देऊन गेलाय, "अरे नियम बदलतायत म्हणतो तो, घेऊन टाकूया का?" मी गेली ४ वर्षं रत्नागिरीत घरी बसून मेलबर्नच्या एका केअर होमची रेकॉर्डं बघतो, पहाटे साडेपाचला लॉगिन, चहा त्यानंतर, त्यामुळे घरात या विषयातला जाणकार मीच. काकांना जे सांगितलं तेच जरा नीट लिहितोय, अजून कोणी याच विचारात असेल तर.

आधी ही सॉफ्टवेअरं कुणासाठी बनली ते बघा. ऑस्ट्रेलियात २०१८ ला वृद्धांच्या सेवेची चौकशी करायला रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग बसला, मार्च २०२१ मधे त्याचा शेवटचा रिपोर्ट आला आणि मग एकामागून एक नियम सुरू झाले. १ जुलै २०२३ पासून होममधे २४ तास नोंदणीकृत नर्स हवी. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक माणसामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटं सेवा, त्यातली ४४ नोंदणीकृत नर्सची. मारहाण, गंभीर दुर्लक्ष असलं काही झालं तर २४ तासांत सरकारला कळवायचं. त्यावर नवा कायदा, तो १ जुलै २०२५ ला येणार होता, पुढे ढकलला आणि १ नोव्हेंबरला लागू झाला, त्यात सात स्टँडर्ड आहेत आणि जेवणाला चक्क एक स्वतंत्र.

हेच गणित काकांच्या आश्रमाला लावून बघितलं. ३१ गुणिले २१५ म्हणजे ६६६५ मिनिटं, रोजचे १११ तास, आठ तासांच्या ड्युटीने रोज १४ माणसं कामावर पाहिजेत. काकांकडे मिळून ११, त्यातल्या दोघी कायम कुणाच्यातरी लग्नाला. तिकडे हा हिशोब वहीत होणं शक्यच नाही म्हणून सॉफ्टवेअर रोस्टरमधून, म्हणजे ड्युटीच्या यादीतून, मिनिटं आपोआप काढतं, घटना टाकली की २४ तासांचं घड्याळ लावून देतं. तिथे ते गरजेचंच आहे.

आपल्याकडे तसं नाही. २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बराचसा पोटगीबद्दल बोलतो, महिन्याला जास्तीत जास्त १० हजार वगैरे, आणि वृद्धाश्रमांबद्दल म्हणाल तर जिल्ह्याला निदान १५० निराधारांची सोय होईल असा आश्रम सरकारने काढावा एवढं. महाराष्ट्राचे नियम २०१० चे. मिनिटं मोजायला कोणी येत नाही. म्हणजे डेमोवाला जे फीचर सगळ्यात जास्त नाचवून दाखवत होता ते आपल्याला लागतच नाही.

मग नवीन काय? डेटाचा कायदा, म्हणजे लोकांची वैयक्तिक माहिती जपायचा. २०२३ ला झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मधे आले, मुख्य बंधनं लागायला १८ महिने दिलेत. यात गंमत अशी की निव्वळ कागदी वहीला हा कायदा लागत नाही, डिजिटल झालेल्या माहितीला लागतो. म्हणजे रजिस्टर कपाटात आहे तोवर ठीक, पण सिस्टरने त्याच पानाचा फोटो काढून नातेवाईकांच्या ग्रुपवर टाकला की तो डिजिटल झाला, आणि आपल्याकडे सगळ्या आश्रमांत हेच चालतं, एका आजींची शुगर सत्तावीस जणांना कळते. मी काकांना म्हटलं, सॉफ्टवेअरचं नंतर बघू, आधी तो ग्रुप बंद करा. आणि माहिती ठेवायच्या संमतीचा कागद मराठीत करा, माणसाला तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येतो.

आता समोरासमोर. रजिस्टरचा मोठा गुण म्हणजे ते मावशीला येतं. लाइट गेली तरी चालतं, आणि कोकणात जून ते सप्टेंबर लाइट हा भरवशाचा विषय नाही. पण ओळखीतल्या एका आश्रमाची ३ वर्षांची रजिस्टरं २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात गेली, वाशिष्ठीचा गाळ पानापानात, दोरीवर वाळत घातली तेव्हा शाई उतरून खाली फरशीवर निळे ओघळ. कोणाला कुठल्या गोळीची अ‍ॅलर्जी हे परत विचारून लिहावं लागलं, आणि ज्यांना आठवत नव्हतं त्यांचं काय विचारणार.

दुसरा दोष जास्त खोल आहे. मागच्या महिन्यात मी काकांचं रजिस्टर चाळलं, एका आजोबांचं बीपी सात दिवस १३०/८०, एकाच पेनने, एकाच दमात लिहिलेलं. आणि त्याच पानाखाली "रात्री ३ वा. आजी न्हाणीत घसरल्या, मलम लावले". कोणी बघितलं, डोकं आपटलं का, किती वेळ खाली होत्या, काही नाही. चौकशी झाली तर हे एक वाक्य घेऊन काका कुठे जाणार?

सॉफ्टवेअरने हे सुटतं का? अर्धं. मी मेलबर्नच्या रेकॉर्डमधे बघितलंय, आठ जणांची रात्रभर दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, सगळ्याच्या सगळ्या सकाळी ५:५२ ला टाकलेल्या. थापा तिथेही मारतात हो. फरक एवढाच की नोंद कधी टाकली ते सॉफ्टवेअर लपवू देत नाही, वही लपवते. माझ्या मते पैसे टाकायचे तर याच एका गोष्टीसाठी. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा, की मागच्या तारखेची नोंद टाकली तर दोन्ही वेळा दिसतात का, आणि खोडलेलं कोणाला दिसतं. इथे तो अडखळला तर चहा पाजून पाठवून द्या.

परदेशी तयार सॉफ्टवेअर असेल तर अजून एक वैताग. जेवणाच्या पानावर ० ते ७ अशी पातळी निवडायची, किती पातळ किती घट्ट, गिळायला त्रास असलेल्यांसाठी ती पद्धत खरंच चांगली आहे. पण आपली पेज कितीवर? गुरगुट्या भात? एका आश्रमातल्या सिस्टरने दोन्हीला ४ दिला, आणि पेज प्यायला दिलेल्या आजोबांना ठसका लागला, कारण ४ म्हणजे घट्ट, पाण्यासारखी पेज ४ नव्हेच. यादी आपल्या स्वयंपाकघरात बसून, चमच्यावरून ओतून बघत एकदा करावी लागते, ते काम कंपनी करून देत नाही.

एक्सेल किंवा गुगल शीट? फुकट आहे, क्लार्कला येतं, महिन्याचा हिशोब नि औषधांचा स्टॉक यासाठी झकास. रोजच्या नोंदींना नको, चुकून एक ओळ सरकली की गोदूआजींची गोळी शेजारच्या खाटेवर. हॉस्पिटलची देशी सॉफ्टवेअरंही काकांनी विचारली, ती ओपीडी आणि बिलासाठी असतात, सहा वर्षं एकाच खाटेवर राहणारा माणूस त्यांना कळत नाही, सोडा.

खर्चाचं म्हणाल तर काकांना बेडमागे महिन्याचा दर सांगितलाय, तो परवडेल. न सांगितलेला खर्च म्हणजे मावश्यांच्या हातातले फोन, चार्जिंग, ट्रेनिंग, आणि मावशी सोडून गेली की परत ट्रेनिंग. गणपतीत निम्मा स्टाफ गावी जातो, तेव्हा बदलीवर आलेल्या बाईला लॉगिन नसतं, मग सगळे एकाच पासवर्डवर नोंदी टाकतात आणि कोणी लिहिलं हे कळण्याचा मुद्दाच संपतो.

मी काकांना सुचवलंय ते असं. २० पेक्षा कमी माणसं असती तर मी रजिस्टरच ठेवलं असतं, पण छापील, वेळ आणि सही यांचे वेगळे रकाने असलेलं, आणि पडणं, जखम, औषध चुकणं याचं वेगळं पान. ३१ ला सॉफ्टवेअर घ्यावं, पण फक्त दोन भाग, औषधं आणि घटना, बाकीचं वर्षभराने. वर्षाचे पैसे आधी भरायचे नाहीत, आणि सोडताना आपला सगळा डेटा आपल्याला वाचता येईल असा परत मिळेल हे करारात लिहून घ्यायचं.

आणि पुढचा डेमो ऑफिसात नको, रात्री नऊला वॉर्डात. वायफाय बंद करायचं, फोन नाइटच्या मावशीच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, समजा आजी पडल्या, टाका नोंद. शेवटी काका म्हणाले, "तिचा चष्मा घरी राहिला असेल तर?" म्हटलं, मग तर नक्की त्याच रात्री बोलवा.