अमेरिकेतला आयफोन 14 साताऱ्यात: रेंज भरपूर, सिमला जागा नाही

अमेरिकेतून येणाऱ्या भाच्याला ‘येताना फोन आण’ असं सांगण्याआधी हे वाचा. तिकडे विकला गेलेला आयफोन 14 रेंज पकडायला उत्तम आहे. घोडं अडतं ते दुसरीकडेच: त्याला सिमचा ट्रेच नाही, सगळा कारभार ई-सिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या, कार्ड नसलेल्या सिमवर.

आधी रेंजचं बघू. अमेरिकन कंपन्यांचा बराच भार 600, 700 आणि 1700 मेगाहर्ट्झवर असतो. आपल्याकडे जिओचं 4जी 850, 1800 आणि 2300 वर चालतं, म्हणजे बँड (फ्रिक्वेन्सीचे ठरलेले पट्टे) 5, 3 आणि 40. तिकडच्या काही स्वस्त अँड्रॉइड फोनांत बँड 40 नसतो. मग टॉवर जवळ असूनही पोवई नाक्यावर गर्दीच्या वेळी नेट रखडतं. या आयफोनमध्ये तिन्ही बँड आहेत. ठोसेघर, बामणोलीकडे बँड 5 महत्त्वाचा, कारण कमी फ्रिक्वेन्सीची लहर लांब जाते आणि डोंगराच्या कडेने थोडी वळते. 2300 ची भिंतीआड लगेच ढेपाळते. 5जीचे एन28 आणि एन78 हे बँडसुद्धा आहेत, फक्त आयओएस (आयफोनची सिस्टीम) 16.2 किंवा त्यापुढचं हवं.

आता सिम. घाटात खोऱ्यागणिक रेंज बदलते, म्हणून लोक दुसऱ्या कंपनीचं कार्ड खिशात ठेवतात. इथे ते घालणार कुठे? फोन बंद पडला, तर कार्ड काढून साध्या फोनमध्ये टाकून ओटीपी घेण्याचीही सोय नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या माणसाला ही उणीव फार जाचते, आणि माझ्या मते ती स्वस्त किमतीने भरून निघत नाही.

घ्यायचाच असेल तर पैसे देण्याआधी सेटिंग्ज, जनरल, अबाऊट उघडा. ‘कॅरिअर लॉक’समोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ दिसलंच पाहिजे. लॉक असेल, म्हणजे फोन एकाच कंपनीला बांधलेला असेल, तर ते तिकडची कंपनीच उघडते, तेही बहुधा हप्ते फिटल्यावर. दुकानदार ‘आर-सिम टाकून देतो’ म्हणाला तर सोडून द्या; लॉक चुकवणारी ती चकती सिमकार्डाला चिकटवून ट्रेमध्ये बसवतात, आणि इथे ट्रेच नाही. मग *#06# दाबून 15 अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) पाहा आणि ‘केवायएम’ (इंग्रजी अक्षरांत), जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस 14422 वर पाठवा; फोन चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना, ते उत्तरात कळतं.

*#06# च्याच पडद्यावर 32 अंकी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ओळख क्रमांक दिसतो. जिओचं ई-सिम मागताना तो आणि आयएमईआय दोन्ही लागतात, एक अंक चुकला की विनंती परत येते. जुनं सिम चालू असतानाच हे करा आणि नव्या फोनला वाय-फाय जोडून ठेवा. सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद राहतात, त्यामुळे बँकेचं काम आदल्या दिवशी उरकलेलं बरं.

भाचा युरोपातून येणार असेल, तर तिथल्या आयफोन 14 ला ट्रे आणि ई-सिम दोन्ही असतात. तोच मागवा.