साधा डिजिटल मल्टिमीटर, आठ महिने वापरून

आठ महिने हा मीटर बॅटरी बघण्यापुरताच निघायचा, खरी परीक्षा गेल्या रविवारी झाली. गाडीचा ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटर पण मिणमिणायचा आणि इंडिकेटर लावला की टेललाइट त्याच्या तालावर नाचायची. म्हणजे करंटला परतीचा रस्ता नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतोय, अर्थिंगचाच (बल्बपासून गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी जोडणी) घोळ, एवढं कळलं. पण नेमका कुठे?

आधी बीपवाला मोड लावला, दोन टोकांमध्ये करंटला रस्ता असला की वाजतो तो. एक प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) बल्बच्या होल्डरच्या अर्थ पिनला, दुसरा गाडीच्या बॉडीला, टूंऽऽ करून वाजला, म्हटलं अर्थ ओके. इथेच दोन तास गेले राव! बल्ब बदलला, होल्डर घासला, फ्यूज काढून बघितला, ढिम्म फरक नाही. नंतर ट्यूब पेटली की हा बीप दोन-तीन ओहमला पण खुशाल वाजतो आणि 21 वॅटच्या बल्बची वाट लावायला तेवढे दोन-तीन ओहम भरपूर झाले.

मग डीसी व्होल्ट, 20 ची रेंज. काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल अर्थ पिनला, आणि पोराला ब्रेक दाबून बसवलं (दर अर्ध्या मिनिटाला "बाबा, सोडू?"). परतीचा रस्ता मोकळा असेल तर जिथे 0.2 व्होल्टच्या आत यायला पाहिजे तिथे 3.8! मग लाल प्रोब पुढे पुढे सरकवत गेलो, पिनवर 3.8, अर्थची वायर जिने पत्र्याला बोल्ट केलीय त्या रिंगवर 3.8, आणि रिंगशेजारी खरवडलेल्या पत्र्यावर 0.05. तिथेच घोडं पेंड खात होतं. डिकीच्या अस्तरामागे, बोल्टखाली नुसता गंज. पॉलिश पेपरने रिंग आणि पत्रा चकचकीत केला, बोल्ट आवळला, वरून ग्रीस. रीडिंग 0.06, इंडिकेटर गप्प.

तर रीडिंगला मीटर एकदम भरवशाचा, आकडे स्थिर येतात, उगाच नाचत नाहीत. पण प्रोबच्या वायरी जेमतेम मीटरभर, बॅटरी बॉनेटखाली आणि दिवा मागे म्हटल्यावर मला जुनी वायर जोडून काळा प्रोब वाढवावा लागला. टोकं पण जाड आहेत, होल्डरच्या खाचेत नीट जात नाहीत. आणि ते ऑटो ऑफ! आपण डिकीत डोकं घालून आडवे पडलेलो आणि ऐनवेळी हा झोपतो.

चार स्टार. एक वायरीसाठी कापला, आणि क्रोकोडाइल क्लिप वेगळ्या घ्या, बरोबर येत नाहीत.